नाते गावचे चिंतामणराव



हिरकणीवाडीहून महाडला जाताना वाटेत नाते लागते. शाळेत असताना आपण एसटीच्या खिडकीतून ते गाव कितीदा पाहिले असेल. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म तिथलाच, १४ जानेवारी १८९६ चा. मला हे नीट कळले ते नोकरीला लागल्यावर.

१९१२ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. पुढे आयसीएस होऊन ते मध्य प्रांतात अधिकारी झाले. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री झाले. १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाबा जिल्ह्यानेच त्यांना लोकसभेत पाठवले. त्यांच्याच कारकिर्दीत इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि आयुर्विमा सरकारकडे आला.

मग मुंबईचा प्रश्न पेटला. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवण्याचे ठरले. हा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता झाला, असा चिंतामणरावांचा आक्षेप होता. गोळीबारात माणसे गेली, पण चौकशीची मागणी सरकारने मानली नाही. पंतप्रधान नेहरूंशी त्यांचे वैर नव्हते. तरीही सरकार एकट्याच्या मर्जीने नव्हे, सर्वांच्या विचाराने चालावे, आणि ज्यांनी निवडून दिले त्यांना उत्तर देता यावे, हे त्यांना मंत्रिपदापेक्षा मोठे वाटले. जुलै १९५६ मध्ये ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि कारणे त्यांनी लोकसभेत उघड सांगितली. चार वर्षांनी मुंबईसह महाराष्ट्र झाला.

खुर्ची सुटली, पण काम सुटले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरूपद त्यांनी सांभाळले. वरच्या पदांवरील भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण हवे, असे त्यांनी १९५९ मध्ये जाहीरपणे मांडले. सरकारला ते रुचले नाही. १९६९ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक ते हरले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी कोणी शिक्षक, कोणी बँकेत, कोणी सरकारी कचेरीत आहे. मी कंपनीत सॉफ्टवेअर लिहिते. न पटलेल्या निर्णयावर मान डोलावण्याची वेळ सगळ्यांवर येते, माझ्यावरही आली, आणि मी दरवेळी बोलले असे नाही. म्हणूनच आता सुट्टीत गावी येताना नाते आले की मी मुलांना हे गाव दाखवते. तुम्हीही दाखवा.