अनाथांची सोबतीण : हान्का ऑर्दोनुव्ना

८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मोत्सव. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या यात्रेमुळे मराठी ख्रिस्ती समाजाला हा दिवस विशेष जवळचा वाटतो. १९५० साली याच दिवशी बैरुत येथे एका पोलिश गायिकेने देह ठेवला. तिच्या जीवनाचा एक धागा आपल्या वांद्र्याशी जोडलेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून तिचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

हान्का ऑर्दोनुव्ना हे त्यांचे रंगभूमीवरील नाव. मूळ नाव मारिया आन्ना पिएत्रुशिन्स्का. १९०२ साली वॉर्सा शहरातील एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नृत्य आणि गायन यांच्या बळावर त्या पोलंडच्या सर्वांत लाडक्या कलावंत झाल्या. १९३३ सालच्या एका चित्रपटातील त्यांचे गीत तर घरोघरी पोहोचले. उमराव घराण्यातील मिखाउ तिश्किएविच यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. कीर्ती, संपत्ती, मान, सारे काही त्यांच्या पदरी होते.

१९३९ साली जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. हान्काबाईंना प्रथम जर्मनांच्या तुरुंगात राहावे लागले आणि पुढे सोव्हिएत सत्तेने त्यांना दूर हद्दपार केले. लाखो पोलिश लोकांच्या वाट्याला सैबेरिया आणि मध्य आशियातील वस्त्या आल्या. भूक, थंडी आणि रोगराई यांनी असंख्य आईबाप दगावले. मुले पोरकी झाली. १९४१ च्या जुलैमध्ये झालेल्या करारानंतर या लोकांची सुटका होऊ लागली, परंतु त्या मुलांना हात देणार कोण?

अश्गाबात येथे गोळा झालेल्या अशा अनाथांची सेवा हान्काबाईंनी पत्करली. क्षयाने त्यांना आधीच ग्रासले होते. स्वतःच्या प्रकृतीचा विचार करून त्या बाजूला झाल्या असत्या, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु मुलांना त्यांनी एकटे सोडले नाही. १९४२ साली अश्गाबातहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा लांबच्या वाटेने पोलिश मुलांचे तांडे मालमोटारींतून आणि पुढे आगगाडीने मुंबईस आणण्यात आले. मुलांचा पहिला मुक्काम वांद्र्यास पडला. या मुलांच्या सोबतीने हान्काबाईही आपल्या भूमीवर आल्या.

नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्याच वर्षी बालाचडी येथे मुलांसाठी छावणी उभारली. फादर फ्रान्चिशेक प्लुता हे तिचे प्रमुख होते. १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे ५ हजार पोलिश निर्वासितांची वसाहत वसली. बालाचडीची मुलेही पुढे तेथे आली. या वसाहतीत चर्च होते, प्राथमिक शाळा होत्या, हायस्कूल होते. मायभाषा विसरू नये आणि नव्या जगात अडू नये, म्हणून निर्वासित शिक्षक-शिक्षिकाच मुलांना पोलिशबरोबर इंग्रजीही शिकवीत. पोटाला अन्न मिळाले, तरी शाळेवाचून मूल पोरकेच राहते, हे त्यांनी जाणले होते.

हान्काबाईंना मात्र हे कार्य फार काळ करता आले नाही. आजार बळावला आणि त्या बैरुतला गेल्या. रंगमंच सुटला, मायदेशही पुन्हा दिसला नाही. तरी त्या मुलांचा विसर त्यांना पडला नाही. १९४८ साली वेरोनिका होर्त या टोपणनावाने त्यांनी या भटक्या मुलांवर पुस्तक प्रसिद्ध केले. पन्नाशी गाठण्यापूर्वीच त्या प्रभूघरी गेल्या. १९९० साली त्यांचे अवशेष वॉर्सातील पोवाँझ्की दफनभूमीत आणण्यात आले.

ख्रिस्तबंधू-भगिनींनो, हेरोदाच्या भयाने इजिप्तमध्ये आसरा घेणारे पवित्र कुटुंब हेही निर्वासितच होते. आजही ब्रह्मदेशातील कारेन आणि चिन बांधव, ज्यांत ख्रिस्ती श्रद्धावंत पुष्कळ आहेत, थायलंडच्या सीमेवर आणि आपल्या मिझोराममध्ये आसरा घेऊन आहेत. १९८४ पासून थायलंडच्या सीमेवर छावण्या आहेत. २०२१ च्या लष्करी उठावानंतर मिझोराममध्ये हजारो लोक आले. परदेशांतून जाणारे अनेक स्वयंसेवक सीमेवरील मुलांना इंग्रजी शिकवितात, कारण परक्या मुलखात तीच भाषा त्यांच्यापुढे वाट खुली करते.

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या धर्मग्रामांतही इंग्रजी शिकविणारे शिक्षक, शिक्षिका आणि धर्मभगिनी पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने निवृत्तीनंतरचे एक वर्ष अशा मुलांना द्यावे, असे आम्हांस मनापासून वाटते. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनी निदान येत्या ८ सप्टेंबरला हान्काबाईंच्या आत्म्यासाठी आणि आजच्या निर्वासित लेकरांसाठी एक रोझरी म्हणावी.