ग्लॅमिसच्या लेडीचं भूत आणि खरी गोष्ट

स्कॉटलंडच्या ग्लॅमिस किल्ल्यातल्या छोट्या प्रार्थनागृहात एक जागा कायम रिकामी ठेवतात. ती करड्या कपड्यातल्या बाईच्या भुताची, अशी तिथली समजूत. ही बाई म्हणजे जेनेट डग्लस, एकेकाळची ग्लॅमिसची मालकीण.

राजा पाचवा जेम्स लहान असताना जेनेटचा भाऊ त्याचा सावत्र बाप झाला. पुढे पोराला ताब्यात ठेवून हाच कारभार हाकायचा. १५२८ मध्ये राजा निसटला आणि त्याने सगळ्या डग्लस घराण्यावर डूख धरला. त्याच वर्षी जेनेटचा नवरा वारला. त्याला विष घातल्याचा आळ तिच्यावर आला, पण टिकला नाही. मग १५३७ मध्ये राजालाच विष घालण्याचा कट केल्याचा ठपका ठेवला. १७ जुलैला एडिंबरोच्या किल्ल्यासमोर तिला जिवंत जाळलं. दुसरा नवरा कैदेतून पळताना कड्यावरून पडून मेला.

लोक आजही तिला चेटकीण म्हणतात. खटला मात्र राजद्रोहाचा होता, चेटकाचा नव्हे. खरा गुन्हा एकच, माहेरचं आडनाव.

ग्लॅमिस जप्त करून राजाने तिथे दरबार भरवला. १५४२ मध्ये तो मेला, तेव्हा कुठे तिचा मुलगा तुरुंगातून सुटला. किल्लाही परत मिळाला. राणी दुसऱ्या एलिझाबेथची आई याच घराण्यातली.