फिरत्या चकतीचे गणित

हंगेरीतील बुडापेस्ट शहरात ११ मे १८८१ रोजी थिओडोर फॉन कार्मान यांचा जन्म झाला. वयाच्या सहाव्या वर्षी हा मुलगा मोठमोठ्या संख्यांचे गुणाकार तोंडी करून पाहुण्यांना थक्क करी. वडील मोर कार्मान हे नामवंत शिक्षणतज्ज्ञ. मुलगा केवळ करमणुकीचा विषय होईल, या भीतीने त्यांनी त्याचे गणितच बंद केले आणि हाती इतिहास, भूगोल व साहित्याची पुस्तके दिली. बंदी कठोर होती खरी. पण तिने मुलाची दृष्टी व्यापक केली, असेच म्हणावे लागेल.

अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्याकडे गेले. १९१३ साली आखेन येथे ते प्राध्यापक झाले. तेथे असतानाच, १९२१ साली, त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न सोडवला. स्थिर हवेत एखादी सपाट चकती वेगाने फिरू लागली, तर हवेचे काय होते?

चकतीला बिलगलेली हवा तिच्याबरोबर फिरू लागते आणि कडेकडे फेकली जाते. रिकामी होणारी जागा भरण्यासाठी समोरची हवा चकतीकडे ओढली जाते. म्हणजे पाती नसतानाही चकती पंख्याचे काम करते! कडेकडे जावे तसा हवेचा वेग वाढतो. मात्र प्रवाह शांत असेतोवर त्या पातळ थराची जाडी सर्वत्र सारखीच राहते, हे कार्मान यांच्या गणितातून दिसले. त्यामुळे सर्वत्र सारखी तापलेली चकती मध्यभागी आणि कडेला सारख्याच प्रमाणात उष्णता गमावते. अभिसरणाने होणारे हे उष्णतेचे वहन पुढे विमानांच्या टर्बाइनमध्ये कळीचे ठरले, कारण तेथील तप्त चकत्या थंड राखल्या नाहीत तर त्या फुटू शकतात.

टर्बाइनमध्ये फिरत्या चकतीसमोर स्थिर भिंत असते. फिरत्या बाजूने हवा बाहेर जाते, स्थिर बाजूने आत परतते. मधली हवाही फिरते, असे जॉर्ज बॅचलर यांनी १९५१ साली मांडले. ती फिरत नाही, असे दोनच वर्षांनी कीथ स्टीवर्टसन यांनी प्रतिपादन केले. वाद दीर्घकाळ चालला. परिस्थितीनुसार दोन्ही प्रकार घडतात.

कार्मान मात्र तोवर दूर गेले होते. ते ज्यू होते आणि जर्मनीतील वातावरण गढूळ होत चालले होते. १९३० साली आई व बहिणीसह ते अमेरिकेत पॅसाडेना येथे स्थायिक झाले. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अग्निबाण-प्रयोगांतूनच पुढे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली.

फेब्रुवारी १९६३ मध्ये त्यांना अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय विज्ञानपदक मिळाले. समारंभात पायऱ्या उतरताना त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी हात पुढे केला. खाली जाताना मदत लागत नाही, ती वर चढताना लागते, असे सांगून त्यांनी तो हसत नाकारला. त्याच वर्षी ६ मे रोजी, ब्याऐंशी वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस असताना, त्यांचे निधन झाले. तेही आखेन येथेच.