खडकीचा मलिक अंबर

यवतमाळात उन्हाळा लागला की पहिला विषय पाण्याचा. 2018 ची टंचाई तर इथले लोक विसरणारच नाहीत. होस्टेलवर बादली घेऊन रांगेत उभा राहिलो की मला मलिक अंबर आठवतो. सिव्हिलच्या व्हिजिटमध्ये त्याची नहर पाहिली, तेव्हापासून हा माणूस डोक्यातून जात नाही.

1548 च्या सुमारास इथिओपियात त्याचा जन्म झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे अहमदनगरला आला. त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा होता आणि तोही मूळचा हबशी गुलामच! मालक वारल्यावर अंबर मोकळा झाला. हळूहळू त्याने स्वतःचं घोडदळ उभं केलं. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, तेव्हा त्याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं, पण कारभार आपल्याच हातात ठेवला. पुढे दोघांचं बिनसलं आणि 1610 मध्ये अंबरने त्याला विष घालून मारवलं, असं इतिहासकार सांगतात.

त्याच सुमारास त्याने खडकी गावी नवं शहर वसवायला घेतलं. तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा बांधला. नौखंडा महाल, काळी मशीद ही बांधकामंही त्याचीच.

पण खरी कमाल नहर-ए-अंबरीची. खाम नदीच्या खोऱ्यात मुरलेलं पाणी भुयारी वाटेने गोळा करून शहरात आणलं. ना पंप, ना वीज, नुसत्या उतारावर! साफसफाईसाठी जागोजागी मॅनहोल ठेवले. मध्ये उंच बंबे बांधले, त्यांत पाणी वर चढतं, अडकलेली हवा निघून जाते आणि दाब कमी होतो. इथे आमची सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला लेव्हल जुळता जुळत नाही! पाणचक्कीची नहर मात्र वेगळी, ती नंतरची. अंबरची नहर विसाव्या शतकातही पाणी देत होती.

1621 मध्ये मोगलांनी खडकी जाळली. तरी अंबर हटला नाही. 1624 मध्ये भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना एकदम हरवलं. जहांगीरचा त्याच्यावर इतका राग, की अंबरच्या तोडलेल्या डोक्यावर आपण बाण मारतोय, असं चित्र त्याने काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

माझा रूममेट म्हणतो, राजाला विष देणाऱ्याचं कसलं कौतुक करतोस? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. तो खून मी माफ करत नाही. पण त्या नहरीने गावाची तहान भागवली हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात. आपण उद्या इंजिनिअर होणार. आपल्या हातून एखाद्या गावाला तरी असं पाणी मिळावं, एवढंच मनात येतं.