शहराची नाडी पाहणारा प्राध्यापक

दोन ऑक्टोबर म्हटले की आपल्याला गांधीजी आठवतात आणि मागोमाग लालबहादूर शास्त्री. त्याच तारखेला, गांधीजींच्या पंधरा वर्षे आधी, म्हणजे १८५४ साली स्कॉटलंडमधल्या बॅलेटर या गावी आणखी एक मूल जन्माला आले होते. हे मूल पुढे साठीच्या उंबरठ्यावर हिंदुस्थानात आले, दहा वर्षे इथल्या गल्लीबोळांतून पायी हिंडले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचे नाव पॅट्रिक गेडिस. शहररचना शिकणाऱ्या मुलांना हे नाव परीक्षेपुरते ठाऊक असते. आपल्यासारख्या, शहरात नुसत्या राहणाऱ्या माणसांपर्यंत मात्र ते फारसे पोचलेले नाही.

मला गेडिसांविषयी जवळीक वाटू लागली ती एका अगदी साध्या कारणाने. तरुणपणी त्यांनी पर्थ गावातल्या एका बँकेत दीडएक वर्ष उमेदवारी केली होती. वडील सैन्यातले. मुलाने शिस्तीत, बांधल्या पगारावर राहावे असे त्यांना वाटे. पण याच वडिलांनी घरामागच्या बागेत मुलाला मातीत हात घालायला शिकवले होते. खतावणीच्या रकान्यांपेक्षा ती माती वरचढ ठरली. गेडिसांनी बँक सोडली, एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राला नाव घातले आणि आठवडाभरात तेही सोडून थेट लंडनला थॉमस हक्स्ले यांच्याकडे जीवशास्त्र शिकायला गेले. पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे दोन विद्यापीठांत प्राध्यापकी केलेल्या या माणसाच्या नावापुढे परीक्षा देऊन मिळवलेले एकही अक्षर नव्हते!

१८७९ साली ते नमुने गोळा करायला मेक्सिकोत गेले. तिथे त्यांची दृष्टीच गेली. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची पाळी आली. वय अवघे पंचवीस, आणि सगळा जीव सूक्ष्मदर्शकावर. त्या अंधारात ते कागदाला घड्या घालून चौकोन पाडत, बोटांनी ते चाचपत आणि एकेका चौकोनात एकेक विचार बसवत. दृष्टी परत आली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम करण्याइतकी ती भक्कम राहिली नाही. मग पेशींकडून त्यांची नजर वळली ती माणसांच्या वस्त्यांकडे. झाड जसे माती, पाणी, ऊन यांच्यापासून तोडून कळत नाही, तसे माणसालाही त्याची जागा आणि त्याचे काम यांच्यापासून तोडून पाहता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत जन्मभर टिकला.

१८८६ साली ॲना मॉर्टन यांच्याशी लग्न झाल्यावर या जोडप्याने जे केले ते पाहून नातेवाईक नक्कीच चक्रावले असतील. एडिंबराच्या जुन्या भागातली सुखवस्तू मंडळी केव्हाच नव्या भागात निघून गेली होती. मागे उरल्या होत्या कोंदट, गर्दीच्या, कळकट चाळी. गेडिस दांपत्य तिथल्या जेम्स कोर्टमध्ये राहायला गेले. शेजाऱ्यांना हाताशी धरून त्यांनी भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडे ठेवली, पडीक जागांत बागा केल्या. विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली आणि ती विद्यार्थ्यांनीच चालवावीत असे ठरवले. यासाठी त्यांनी इतके कर्ज काढले, की शेवटी मालमत्ता सांभाळायला मित्रांना एक कंपनी उभी करावी लागली. कर्ज विभागात बसणारा माणूस म्हणून सांगतो, गेडिसांचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी तो चार वेळा उलटून पाहिला असता.

१८८८ पासून ते डंडी येथे वनस्पतिशास्त्र शिकवत. शिकवणे फक्त उन्हाळी सत्रात, म्हणजे वर्षातले बाकीचे महिने मोकळे. त्या मोकळ्या काळात त्यांनी १८९२ पासून एडिंबरात ‘आउटलुक टॉवर’ उभारला. पाहुण्यांना ते आधी दमछाक करून थेट वर नेत. तिथे आरशाच्या आणि भिंगाच्या योजनेने सगळ्या शहराचे हलते चित्र पांढऱ्या मेजावर उतरलेले दिसे. मग एकेक मजला खाली यायचे : आधी एडिंबरा, मग स्कॉटलंड, मग युरोप आणि तळाशी सारे जग. आपले गाव डोळे भरून पाहिल्याशिवाय जग कळायचे नाही, असा तो जिना होता.

१९१४ साली मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलँड यांच्या बोलावण्यावरून ते हिंदुस्थानात आले. त्यांनी वर्षानुवर्षे जमवलेले शहरांचे प्रदर्शन, म्हणजे नकाशे, चित्रे, आराखडे, मागून बोटीने येत होते. ती बोट ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवली. दुसरा कोणी असता तर परत गेला असता. गेडिसांनी मित्रांकडून नवे साहित्य मागवले आणि १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरवून दाखवले.

त्या काळी सरकारी अभियंत्यांची शहर सुधारण्याची रीत ठरलेली होती. दाट वस्तीवर नकाशात पट्टी ठेवायची, सरळ रुंद रस्ता आखायचा, वाटेत येतील ती घरे पाडायची. पाडलेल्या घरांतली माणसे शेजारच्या गल्लीत कोंबली जात, आणि गर्दी हटवायला निघालेली योजना गर्दीच वाढवून ठेवी. गेडिस वस्तीत पायी जात, घर नि घर पाहत, नकाशावर विहीर, देऊळ, पिंपळ, पडका वाडा यांच्या खुणा करत. मग पडीक झालेली मोजकी घरे काढून तिथे लहानसा चौक मोकळा करत, झाड लावत, बोळ थोडा सरळ करत. बाकीची वस्ती जागच्या जागी राही आणि खर्चही बराच कमी लागे. या पद्धतीला त्यांनी शस्त्रक्रियेची उपमा दिली होती, पण शरीर राखून केलेल्या. हिवतापाच्या भीतीने तलाव बुजवायलाही त्यांचा विरोध असे. तलावात मासे आणि बदके सोडा, ती डासांच्या अळ्या खातील, असा त्यांचा साधा सल्ला होता. नागपूर, बडोदे, लखनौ, लाहोर अशा कितीतरी गावांचे अहवाल त्यांनी याच रीतीने लिहिले.

होळकरांच्या इंदूरची हकिकत तर रंगतदार आहे. गावात प्लेग होता आणि लोकांचा या परक्या साहेबावर विश्वास नव्हता. गेडिसांनी दरबारकडून एका दिवसाचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढली. मिरवणूक कुठून जाणार? जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्यांवरून! झाले, गल्ल्यागल्ल्यांत चुरस लागली. घरे धुतली गेली, उंदरांची बिळे लिंपली गेली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि त्यांच्यामागे पांढरेशुभ्र कपडे घातलेले, गळ्यात हार मिरवणारे सफाई कामगार होते. ज्यांची सावली टाळली जाई त्यांना त्या दिवशी गावाने मानाने पाहिले. लोकांना तुळशीची रोपे वाटली, आणि शेवटी राक्षस व उंदीर जाळले. इंदूरच्या १९१८ च्या अहवालात त्यांनी तिथल्या विद्यापीठाचाही आराखडा मांडला. विद्यापीठ शहरापासून फटकून नसावे, शहर हीच त्याची प्रयोगशाळा असावी, हा त्याचा गाभा.

बाहेर असे यश दिसत होते त्याच काळात घर मात्र कोसळत होते. १९१७ च्या वसंतात थोरला मुलगा ॲलास्डेर फ्रान्सच्या रणभूमीवर मारला गेला. ॲना तेव्हा कलकत्त्यात तापाने अंथरुणाला खिळलेल्या. गेडिसांनी ती बातमी त्यांना कळूच दिली नाही. मुलगा जिवंत आहे अशाच समजुतीत जूनमध्ये त्या गेल्या. जेम्स कोर्टच्या भिंतींना चुना लावताना सोबत असलेली बाई आणि हाताशी आलेला मुलगा, दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने. गेडिस वहीपेन्सिल घेऊन पुन्हा गल्ल्यांत फिरू लागले.

१९१९ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे अध्यासन दिले. ते वक्ते म्हणून काही थोर नव्हते. दाढीत पुटपुटत आणि एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारत. पण माणूस ओळखत. परदेशी शिष्यवृत्तीसाठी त्यांनी उमेदवारांना निबंध लिहायला सांगितले, तेव्हा संस्कृत शिकवणाऱ्या मालवणच्या एका तरुणाने नागरी केंद्र म्हणून मुंबईवर लिहिले. हे गोविंद सदाशिव घुर्ये. गेडिसांनी त्यांना विलायतेला धाडले. १९२४ साली प्रकृतीमुळे गेडिसांनी मुंबई सोडली आणि विभाग घुर्यांकडे आला. त्याच विभागात घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या. गेडिसांनी फ्रान्समध्ये माँपेलिए येथे विद्यार्थ्यांसाठी नवे घर बांधले. १९३२ च्या आरंभी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, आणि १७ एप्रिलला तिथेच त्यांचे निधन झाले.

गेडिसांनी पेरलेले समाजशास्त्र आपल्याकडे रुजले. शहराची शस्त्रक्रिया मात्र पट्टीवाल्यांच्याच हाती राहिली. जुन्या पेठेतल्या एका शाखेत असताना वाड्यांच्या पुनर्बांधणीच्या फायली माझ्याकडे येत. मंजूर नकाशा, मूल्यांकन, वकिलाचा अहवाल, भाडेकरूंची संमतिपत्रे, सारे चोख असे. पण चौकातल्या विहिरीला अजून पाणी आहे का, ओसरीवर संध्याकाळी कोण बसते, इथली म्हातारी माणसे उद्या कुठे जाणार, याला कोणत्याच नमुन्यात रकाना नव्हता. गेडिसांच्या वहीत तो होता.

त्यांची विद्या शिकायला विद्यापीठाची पायरी चढावी लागतेच असे नाही. एखाद्या रविवारी नातवंडांना घेऊन आपल्याच गल्लीतून सावकाश चालत जा. विहीर कुठे होती, ओढा कुठून वाहायचा, सावलीचे झाड कोणते, हे त्यांना दाखवा आणि एका कागदावर मांडायला सांगा. उद्या कोणी पट्टी घेऊन आले, तर दाखवायला आपल्याजवळ एवढा तरी नकाशा हवा.