माळरानावर उद्योगाची वसाहत वसवणारे लक्ष्मणराव

लहानसा उद्योग सुरू करणे एक वेळ सोपे असते; तो वाढू लागला की खरी कसोटी लागते. भांडवल, जागा, हिशेब, माणसे, ग्राहकांशी संबंध या साऱ्यांची घडी वेळेवर बसली नाही, तर चांगली कल्पनाही कोलमडते. आजच्या ‘स्टार्टअप’ कंपन्यांना भेडसावणारा हा प्रश्न लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या पद्धतीने सोडवला होता.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. परंतु काही रंगांतील फरक आपल्याला ओळखता येत नाही, हे लवकरच त्यांच्या ध्यानात आले. चित्रकाराचे स्वप्न मागे पडले आणि ते यांत्रिक आरेखनाकडे वळले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते हाच विषय शिकवू लागले. दरम्यान १८८८ मध्ये थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचे दुकान सुरू झाले होते. हक्काची बढती डावलली गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले.

दुकानापाठोपाठ छोटा कारखाना आला. कडबा कापण्याच्या यंत्रानंतर १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. मात्र लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज शेतकऱ्यांमध्ये दृढ होता. पहिले काही नांगर विकण्यासाठीच दोन वर्षे खर्ची पडली. उत्तम वस्तू बनवणे पुरेसे नाही, ती वापरणाऱ्याच्या मनातील शंका दूर करणे हेही कारखानदाराचेच काम आहे, हा धडा लक्ष्मणरावांना येथे मिळाला.

नांगराला गिऱ्हाईक मिळू लागले, तोच नवे संकट उभे राहिले. शहराच्या वाढीसाठी बेळगावच्या नगरपालिकेला कारखान्याची जागा हवी होती. यंत्रे आणि कामगार होते, पण पायाखालची जमीनच गेली होती. त्या काळात औंध येथील सभामंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे होते. त्यांची अडचण औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांना समजली. त्यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जागा आणि १० हजार रुपयांचे कर्ज दिले. जागा निवडुंगाने भरलेली, सापांचा सुळसुळाट असलेली होती. पण शेजारून रेल्वे जात होती, आणि कच्चा माल आणण्यासाठी व तयार नांगर पाठवण्यासाठी तीच मोलाची होती.

मार्च १९१० मध्ये पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह या माळावर राहायला आले आणि किर्लोस्करवाडीचा जन्म झाला. आसपास काहीच नसल्याने कारखान्याबरोबरच कामगारांसाठी घरेही उभारावी लागली. वसाहतीची आखणी आणि तिचा कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. शंभूराव जांभेकर यंत्रे आणि ओतकाम पाहू लागले. मंगेशराव रेगे यांनी हिशेब सांभाळले. परीक्षेत यश न मिळालेले के. के. कुलकर्णी व्यवस्थापक आणि संकटकाळचे सल्लागार झाले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक अभियंता म्हणून पुढे आले. दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपवण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी दाखवले. पदवी किंवा पूर्वायुष्य यांपेक्षा माणसातील गुण ते पाहत. वसाहतीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी घातली. त्या काळी हा निर्णय सोपा नव्हता.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे कठीण झाले. लोखंड, कोळसा, रंग यांची टंचाई निर्माण झाली. कोळशाऐवजी लाकूड वापरून आणि रंग स्वतः तयार करून कारखाना चालू ठेवण्यात आला. अनुभवी सहकाऱ्यांची फळी तयार नसती, तर एकट्या मालकाला हे पेलले नसते.

उद्योग वाढला, तसे त्याचे स्वरूपही बदलले. भावांच्या भागीदारीवर उभा असलेला व्यवसाय १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ या नावाने भागभांडवलाची कंपनी झाला. त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्र निघू लागले. कारखान्याची माहिती ग्राहकांपर्यंत पोहोचवण्यासाठी सुरू झालेले हे पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली वाढत गेले. ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ या मासिकांनी पुढे मराठी वाचकाची अभिरुची घडवली. व्यवसायाच्या गरजेतून साहित्याची परंपरा उभी राहावी, हे विरळाच.

पुढच्या पिढीची तयारीही लक्ष्मणरावांनी वेळेत केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकून पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये परतले. कारखान्यात पंपांचे उत्पादन त्याच सुमारास सुरू झाले. नंतर हरिहर, पुणे आणि बंगळूर येथे यंत्रहत्यारे, ऑइल इंजिने आणि विजेच्या मोटारींचे उद्योग उभे राहिले. बेळगावातून उठलेला कारखाना आता अनेक शहरांत पसरला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी झाले. संस्थानिकाचा आधार त्यांना मिळाला, हे खरे. पण तो आधार एका कारखान्यापुरता न ठेवता त्यावर माणसांची आणि कामाची पक्की घडी बसवणे, हे त्यांचे मोठेपण होते. जागा हिरावली गेली तरी उद्योग टिकला, तो या घडीमुळेच.