न थकणाऱ्या रमाबाई

मैत्रिणींनो, चांगल्या कामाला सुरुवात करणं तसं सोपं असतं. नारळ फुटतो, चार माणसं कौतुक करतात, पेपरात फोटो येतो. खरी परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी. ज्यांच्यासाठी धडपडायचं तेच पाठ फिरवतात, घरचे म्हणतात कशाला नसत्या भानगडीत पडलीस, आणि मग हातपाय गळतात. बचत गटाच्या कामात मी हे कितीदा तरी पाहिलंय. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची विद्वत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांची चिकाटी त्याहून मोठी वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवला आणि रानात बिऱ्हाड थाटलं. पुढे सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत गावोगाव फिरलं. १८७० नंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील, बहीण अन्नान्न करत गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी भटकत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बंगाली वकील बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न केलं, तर १८८२ मध्ये कॉलऱ्यानं नवराही नेला. वयाची चोविशीही पुरी नव्हती आणि कडेवर वर्षाच्या आतली मनोरमा.

पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. १८८३ मध्ये डॉक्टर व्हायचं म्हणून इंग्लंडला गेल्या, पण ऐकू कमी येत असल्यानं ते राहूनच गेलं. तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला. ज्यांनी डोक्यावर घेतलं होतं त्यांनीच नाकं मुरडली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथं गावोगाव व्याख्यानं देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. अगदी पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे, आपल्या बाया कर्वे. केस काढलेल्या, कोपऱ्यात बसवलेल्या पोरी इथं पाटी-पेन्सिल घेऊन बसू लागल्या.

आणि मग आलं १८९३ साल. सदनात धर्म शिकवायचा नाही असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आपण होऊन जाऊन बसत. यावरून वादळ उठलं. 'केसरी'नं झोड उठवली. रानडे-भांडारकरांसारखी पाठीशी उभी असलेली माणसंही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असं मी म्हणणार नाही, पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याच. पण परत नेलेल्या त्या पोरींपुढे घरी काय वाढून ठेवलं होतं, हे कुणी विचारलं?

रमाबाईंनी मात्र उरलेल्या मुली घेऊन शाळा चालू ठेवली. बायबलातल्या गलतीकरांच्या पत्रात पौलानं भलं करणाऱ्यांना दम धरायला सांगितलंय, पेरणी आणि पिकाचा दाखला देऊन. रमाबाईंनी तर पेरणी खरोखरच केली! बोस्टनची मदत दहा वर्षांचीच, पुढे काय, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. पुण्याजवळ केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहीर खणली, फळझाडं लावली. सदन आपल्या पायावर उभं राहावं म्हणून. आपल्यासारख्या संस्था चालवणाऱ्या बायकांनी यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. उपासमार काय असते हे रमाबाईंनी स्वतःच्या घरात पाहिलं होतं. त्यांना बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या, अंगावर धड चिंधी नसलेल्या बायका-मुली घेऊन आल्या. अशा सुमारे तीनशे जणी झाल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. इतकी माणसं शहरात ठेवायला सरकारी परवानगी मिळेना. मग केडगावचं ते शेतच कामी आलं. आधी तंबू आणि गवताच्या झोपड्या, मग इमारती. हेच 'मुक्ती'. गुजरातचा दुष्काळ आला तेव्हा, १९०० च्या सुमारास, तिथल्या बायका-मुलांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांचं दोन वेळचं जेवण, आजारपण, भांडणं, रुसवेफुगवे, सगळं निभावायचं. चार पाहुणे आले तर आपली तारांबळ उडते! तिथं मुली विणकाम, शेती, गुरांचं काम, छपाई शिकल्या. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी 'कृपा सदन' निघालं, अंध मुलींनाही मनोरमाबाईंनी शिक्षणाची सोय केली.

उतारवयात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं मनावर घेतलं. अडाणी बाईलाही वाचता यावं अशा मराठीत. वर्षानुवर्षं हे काम चाललं होतं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच, चाळिशीत. रमाबाईंनी हातातलं काम सोडलं नाही. पौलाचं ते पत्रही त्यांनी मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. बायबल छापून हातात यायला १९२४ उजाडलं. मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच बायकांनी खिळे जुळवून ते छापलं होतं.